बोरवाडीचं टर्मिनस

बोरवाडीत बससाठी पत्र्याचा नवा निवारा उभा राहिला, तेव्हा त्यावर काय लिहायचं हे विचारायला सरपंच काकासाहेब बेबीनंदा मॅडमच्या घरी आले. मॅडमनी एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. निवृत्तीनंतर त्यांना इंग्रजीतलं कुणी काही विचारत नव्हतं, म्हणून त्यांनी उत्साहानं चहाच ठेवला.

“हे बघा, गाडी घडीभर थांबते तो स्टॉप. बराच वेळ उभी राहते तो स्टँड. स्टेशन म्हटलं की चौकशीची खिडकी आली. आपला झाला स्टॉप.”

“पण आपल्याकडं गाडी थांबती कुठं? हात केला तरी सुसाट जाती.”

“मग स्टँड लिहा.”

“थांबतच न्हाई, तर उभी काय राह्यती?”

“माणसं तर उभी राहतात ना!”

काकासाहेबांना ते काही पटलं नाही. “मुंबईला असतं ते लिहू. टर्मिनस!”

“अहो, टर्मिनस म्हणजे जिथं गाडीचा प्रवास संपतो. आपल्यापुढं धामणवाडी आहे.”

“पुढं नुसते खड्डे हायेत, मॅडम. रस्ता इथंच संपला म्हणा.”

दारात रंगाचा डबा घेऊन बसलेला पुंजाराम पेंटर म्हणाला, “टर्मिनसनं पत्रा बराबर भरतो. स्टॉप लई आखूड व्हतं.” झालं, ठरलं. मॅडमना चहा गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसचे ड्रायव्हर-कंडक्टर दोघंही त्या वाटेवर नवे होते. ड्रायव्हर शिवाजीनं पाटी वाचली, गाडी वळवली, इंजिन बंद केलं आणि ओरडला, “उतरा! टर्मिनस आलं!”

धामणवाडीच्या माणसांनी एकच गलका केला. भाचीच्या हळदीला निघालेली गोजरबाई तर सीट सोडेना. शेवटी कुणीतरी मॅडमना बोलावून आणलं.

“मॅडम, तुम्हीच सांगा,” शिवाजी म्हणाला. “टर्मिनस म्हणजे शेवट ना?”

“बिलकुल शेवट!” मॅडमच्या तोंडून निघून गेलं. एकतीस वर्षांत शब्दाचा अर्थ लक्षात ठेवून त्याप्रमाणं वागणारा पहिलाच माणूस त्यांना भेटला होता. “इंग्रजीला कोण होतं तुम्हाला?”

“ओ बाई!” गोजरबाई खिडकीतून कडाडली. “तिकडं हळद वाळून राह्यली! जल्दी मिटवा!”

मॅडम भानावर आल्या. “अर्थ तुमचा बरोबर आहे, पण पाटी चुकली. गाडी पुढं न्या.”

“अन् उद्या डेपोतल्या साहेबांनी विचारलं, पाटी असताना पुढं का गेलास, मंग?”

हा सवालही मॅडमना मनापासून आवडला. त्यांनी पुंजारामला हाक मारली. तो शिडी, ब्रश घेऊन धावत आला.

“टर्मिनस पूस. स्टॉप लिही.”

“अन् उरलेल्या जागेत?” पुंजारामनं विचारलं.

“आंब्याचं झाड काढ!”

पुंजारामनं पहिल्या तीन अक्षरांवर रंग फिरवला तशी गाडी सुरू झाली. मॅडम निवाऱ्याशी उभ्याच होत्या. शिवाजीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“मॅडम, एक शंका राह्यली. आमच्या डेपोच्या ज्या फाटकावर ‘आऊट’ लिहिलंय, तिथूनच सगळ्या गाड्या आत येतात.”

मॅडमनी क्षणभर विचार केला. मग पदर खोचला आणि त्या गाडीत चढल्या. धामणवाडीपर्यंत पंधरा मिनिटं होती. गोजरबाईनं कपाळावर हात मारून घेतला.