आता बोलू का?

त्या सकाळी बाबा स्वयंपाकघरात बसून हेडफोनला माझा जुना मोजा शिवत होते. कानाची गादी फाटली होती आणि नवा हेडफोन घेणं त्यांच्या मते शुद्ध उधळपट्टी होती.

"काल ऐकलंस का?" दातांनी दोरा तोडत त्यांनी विचारलं.

"पेपर तपासत होते, बाबा."

"परवाही पेपरच होते. शाळा आहे की कारखाना?"

"श्रोते आटलेत वाटतं, म्हणून घरात शोधताय?"

मोजा लावलेला हेडफोन गळ्यात अडकवून ते हसत बाहेर पडले. दुपारी जेवून स्टुडिओतल्या बाकावर आडवे झाले, ते उठलेच नाहीत. लांबलचक गाणं चालू होतं, म्हणून कुणाला लगेच कळलंही नाही.

बाबांचं रॉक गाण्यांचं रेडिओ स्टेशन टायरच्या दुकानावर होतं. भिंतींना अंड्यांचे ट्रे आणि आमच्या घरातली जुनी पांघरुणं ठोकलेली. खाली हवा भरायचा पंप सुरू झाला की तो वर गिटारच्या मागे धडधडायचा. श्रोते त्या ढोलवाल्याचं तोंडभरून कौतुक करायचे आणि बाबा ते खुशाल मान्य करायचे.

पहिली जाहिरात अर्थातच टायरवाल्या काकांची. रेकॉर्डिंगचं यंत्र ऐन वेळी रुसलं, म्हणून बाबांनी काकांनाच माइकसमोर बसवलं. लाल दिवा लागला. स्टुडिओत लाल म्हणजे बोलायचं; पण काकांचं आयुष्य रस्त्यावर गेलेलं; लाल म्हणजे थांबायचं. ते थांबले. सगळं गाव ती शांतता ऐकत राहिलं. शेवटी काका दबक्या आवाजात म्हणाले, "आता बोलू का?"

"बोला हो, सगळं गाव ऐकतंय!" बाबा काचेमागून ओरडले.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकं "आता बोलू का?" म्हणतच दुकानात शिरली. मग तो नियमच झाला. जाहिरातदाराने स्वतः यायचं, लाल दिवा लागला की विचारायचं, आणि बाबांनी हात वर करून "बोला" म्हणायचं. शिंप्याने विचारलं, दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. एकदा मोठ्या कंपनीचे टायवाले साहेब आले. हे जरा बालिश वाटतं, म्हणाले.

"मग दुसऱ्या स्टेशनवर जाऊन मोठे व्हा," बाबा म्हणाले.

साहेब तावातावाने जिना उतरले. काही दिवसांनी परत आले आणि वर्गात पाणी प्यायला जायची परवानगी मागावी तसं त्यांनी विचारलं, "आता बोलू का?"

हे मला कुणी सांगितलेलं नाही. मी स्वतः रेडिओवर ऐकलं आहे. पंधराव्या वर्षी मी जाहीर केलं होतं की हा नुसता गोंगाट आहे, मला वाचू द्या. पुढे गोंगाट आवडू लागला, पण शब्द मागे घ्यायचा राहिला. मग त्यांच्या रोजच्या विचारण्याची आणि माझ्या रोजच्या नकाराची दोघांनाही गोडी लागली. घराच्या जिन्यात त्यांच्या चपला वाजल्या की मी रेडिओचा काटा बातम्यांवर सरकवायचे. एक दिवस सांगून चकित करू, असं मनात होतं.

बाबा गेल्यानंतरच्या महिन्यात फ्यूज घरी आला. तो स्टेशनचा तंत्रज्ञ. कामाच्या पहिल्याच दिवशी सगळ्या इमारतीची वीज घालवून त्याने हे नाव कमावलं होतं.

"ताई, स्टेशनचा वाढदिवस आहे. बाबांच्या तासाला तुम्ही बोला."

"मी काय बोलणार? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"हो का? पंप बिघडला होता तेव्हा डबा द्यायला आलात आणि विचारलंत, ढोलवाला रजेवर आहे का?"

मी समोरचे पेपर नीट रचू लागले.

"बाबांना नाही सांगितलं मी," तो म्हणाला. "म्हटलं, ते तुमचं तुम्ही सांगाल."

म्हणून मी गेले. दोन पानं लिहून नेली होती, चष्मा मात्र घरीच राहिला. फ्यूजने हेडफोन माझ्या डोक्यावर बसवला. एका कानाला माझाच मोजा. काचेमागे बाबांच्या खुर्चीत टायरवाले काका अंग चोरून बसले होते. खाली पंप धडधडायला लागला.

लाल दिवा लागला.

"आता बोलू का?" मी विचारलं.

काकांनी हात वर केला. "बोल गं पोरी. सगळं गाव ऐकतंय."

"बाबा," मी म्हणाले, "काल ऐकलं. परवाही ऐकलं. मी रोज ऐकत होते."