उपाशीपोटीचा आकडा

शुक्रवारी संध्याकाळची जेवणं आटोपली आणि अनसूयाबाईंनी स्वयंपाकघराला कुलूप घातलं. किल्ली कमरेला खोचली. सून समोरच उभी होती. तिने बघावं म्हणून तर हे चाललं होतं.

"हे काय, आई?" संपदा म्हणाली.

"तुला तोंड आवरत नाही, मग मलाच करावं लागतं."

संपदाला सातवा महिना लागला होता. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर दिवस राहिले, आणि तपासणीत निघाली साखर. अधारतालच्या दवाखान्यातल्या डॉक्टर शर्मिला मॅडमनी समजावलं होतं, की ही गरोदरपणातली साखर, बाळंतपणानंतर बहुतेक जाते, पण तोवर पथ्य कडक. भात एक लहान वाटी. ज्वारीची भाकरी, मोडाचे मूग, पालेभाजी. साखर-गूळ बंद. बोटाला टोचून रक्त तपासायचं यंत्र घरी आणलं. सकाळी उपाशीपोटी एकदा आणि प्रत्येक जेवणानंतर दोन तासांनी आकडा वहीत लिहायचा. उपाशीपोटीचा आकडा पंच्याण्णवच्या आत पाहिजे.

तो काही येत नव्हता. एकशे अठ्ठावीस, एकशे एक्केचाळीस, एकशे चौतीस. नऊ दिवस हेच. जेवणानंतरचे आकडे मात्र अगदी नीट. मॅडमनी फोनवर सांगितलं, शनिवारी वही घेऊन या, असंच असेल तर रात्रीचं इन्सुलिन सुरू करू.

अनसूयाबाईंनी त्यातून एकच अर्थ काढला. दिवसा डोळ्यासमोर असते म्हणून पथ्य पाळते, रात्री उठून खाते. त्यांच्या मुलाने, आल्हादने, मागच्या आठवड्यात घमापुरातून खव्याच्या जलेब्या आणल्या होत्या. फ्रिजमधल्या डब्यात दोन कमी भरल्या. "त्या मीच खाल्ल्या, आई," असं तो दोनदा म्हणाला. बायकोला पाठीशी घालतो आहे, असं म्हणून त्यांनी ते कानाआड केलं.

राग उगाच नव्हता. आल्हादच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. साडेचार किलोची. सुईण म्हणाली, काय बाळसं आहे! ती मुलगी रडलीच नाही. त्या काळी साखर कोण बघत होतं? आता शर्मिला मॅडमनी खोदून खोदून विचारलं आणि म्हणाल्या, तुम्हालाही तेव्हा हेच असू शकेल. चाळीस वर्षांनी कळलं. तेव्हापासून सुनेने घास उचलला की अनसूयाबाईंचा जीव खालीवर व्हायचा, आणि तोंडातून मात्र विषच निघायचं.

बाळ सुखरूप यावं म्हणून त्यांनी बाळकृष्णाला रोज लोणी-साखरेचा नैवेद्य बोलला होता. तो गर्भारशीनेच हाताने कालवायचा. यंत्र घरात आलं त्याच दिवशी त्यांनी दंडक घातला होता, आधी आंघोळ, मग पूजा, मग ते रक्त. रक्त काढलेला हात देवाला चालत नाही. संपदा रोज तसं करायची. नैवेद्य दाखवायची, देवघरातल्या फडक्याला हात पुसायची आणि यंत्र घेऊन बसायची.

शनिवारी सकाळी ती आंघोळ करून आली ती सरळ हॉलमध्ये सोफ्यावर बसली.

"देवाचं कोण करणार?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"तुम्ही करा. चोराच्या हातचं लोणी देवाला काहून दाखवता?"

"जबान बघा हिची! आल्हाद, ऐकून राहिला ना तू?"

आल्हाद फॅक्टरीतून सुट्टी काढून दवाखान्यासाठी तयार होत होता. "आई, चलो ना यार, आज एक दिवस तू कर," एवढंच तो म्हणाला.

अनसूयाबाई फणकाऱ्याने देवघरात गेल्या. मनातल्या मनात बडबडत त्यांनी लोण्यात साखर कालवली. हात जोडतात न जोडतात तोच हॉलमधून यंत्राचा आवाज आला आणि आल्हाद ओरडला, "आई! अठ्ठ्याऐंशी!"

अनसूयाबाई नैवेद्याची वाटी हातात घेऊनच बाहेर आल्या. आनंदाने नव्हे. जिंकल्यासारखा चेहरा होता.

"आता बोल! काल कुलूप घातलं अन् आज अठ्ठ्याऐंशी. नऊ दिवस माझ्या नातवाला जहर पाजून राहिली होती तू. आई म्हणवून घ्यायची लाज नाही वाटत?"

संपदाची नजर सासूच्या हातातल्या वाटीवर गेली. मग तिने यंत्राला नवी पट्टी लावली, नवी सुई लावली आणि हात पुढे केला.

"द्या बोट."

"माझं? माझं काय बघतेस? पाच वाजल्यापासून पाण्याचा घोट नाही घेतला मी."

"मग घाबरता कशाला? सुई कोरी आहे. चोराचं रक्त नाही लागणार तुम्हाला."

अनसूयाबाईंनी वाटी ठेवली आणि बोट तिच्यापुढे नाचवलं. टोचलं. थेंब पट्टीला लागला. यंत्राने पाच सेकंद घेतले.

तीनशे सतरा.

"काय खाल्लंत रात्री?" संपदा शांतपणे म्हणाली. "किल्ली तर तुमच्याच कमरेला होती."

"देवाशपथ, मी काहीसुद्धा..."

"मीही नऊ दिवस हेच म्हणत होते."

"मशीन बिघडली असेल," आल्हाद म्हणाला.

अनसूयाबाई आपल्या बोटाकडे बघत होत्या. रक्ताचा थेंब बोटावर गोल ठरत नव्हता, लोण्यात पसरत चालला होता. कडेला साखरेचा एक दाणा लाल होऊन विरघळत होता. यंत्र बिघडलं म्हणायला एवढी वाट मोकळी होती. पण त्या उठल्या, न्हाणीत जाऊन साबणाने खसाखसा हात धुतले, कोरडे केले आणि परत येऊन दुसरं बोट पुढे केलं.

एकशे सहा.

आल्हादने वही उघडली, मिटली. "म्हणजे रोज सकाळी..." तो म्हणाला आणि पुढचं गिळून गेला. संपदाने पर्स उचलली आणि बाहेर जाऊन स्कूटरपाशी उभी राहिली. ती आल्हादबरोबर गेली, अनसूयाबाई मागून रिक्षाने.

शर्मिला मॅडमना मराठी समजायचं, बोलायच्या हिंदीत. त्यांनी वही चाळली. "एक दिन का अठासी मैं नहीं मानूंगी. नौ दिन का मानूंगी. आज से इन्सुलिन."

"मॅडम, वो क्या है," आल्हाद पुटपुटला, "मशीन में थोडा..."

संपदा भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे बघत बसली. खरं सांगायचं काम तिने सासूवर सोडलं होतं, आणि सासूला ते बरोबर कळलं होतं.

"ते नऊ दिवस धरू नका," अनसूयाबाई म्हणाल्या. आवाज भांडणाचाच होता. "ते आकडे हिचे नाहीत. लोणी-साखरेचा हात होता. आधी पूजा, मग रक्त, असं मीच सांगितलं होतं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "और हाथ धोने को जो मैंने कहा था?"

"पूजेचा हात धुवायचा कशाला, असं वाटलं मला."

"झूठे आंकडे पर सुई लगा देती, तो नींद में शक्कर गिर जाती इसकी. माँ को भी खतरा, बच्चे को भी. पता है आपको?" बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात मॅडमनी त्यांना सुनावलं. मग इन्सुलिन खोडलं, हात धुऊन आठ दिवसांचे नवे आकडे आणायला सांगितलं.

बाहेर बाकावर संपदा बसली ती उठेचना. "मी सोमवारी नागपूरला माहेरी जातेय, आल्हाद. आठ दिवसांनी तिकडेच दाखवीन. बाळंतपणही तिकडेच."

"अगं, पण आईने सगळं सांगितलं ना आता?"

"डॉक्टरांना सांगितलं. मला नाही."

अनसूयाबाईंनी तोंड उघडलं. आत माफीचा शब्द होता, पण तो उभ्या जन्मात कधी कोणापुढे काढला नव्हता.

"ऊन वाढून राहिलं," त्या म्हणाल्या. "चला."

संपदा जागची हलली नाही.