विंकलहोफर भाऊबंद

प्रा. तोताराम वरखेडे धुळ्याच्या कॉलेजातून निवृत्त झाले, तेव्हा घरच्यांना वाटलं, आता आबा जरा घराकडे बघतील. घरचे म्हणजे दोघीच. मुलगी नूतन आणि आबांची थोरली विधवा बहीण नानीबाई. आबांनी बघितलं ते थेट जर्मनीकडे.

त्याचं झालं असं. एका दिवाळी अंकासाठी आबा इंटरनेटवर कुणा जर्मन संस्कृत पंडिताची माहिती शोधत होते. हाइनरिख विंकलहोफर त्याचं नाव. शोधता शोधता एक पान उघडलं, त्यावर विंकलहोफरांची रांगच लागलेली. योहान विंकलहोफर, चित्रकार. ऑटो विंकलहोफर, कवी. मार्गारेटे विंकलहोफर, कादंबरीकार. आणि हयात असलेल्या एकच, डॉ. इंगे विंकलहोफर, जुन्या नाण्यांच्या अभ्यासक. आबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "एकाच घराण्यात पाच विद्वान! आणि मराठीत यांच्यावर एक ओळ नाही!"

पानाच्या वरच "या आडनावाच्या व्यक्ती" एवढंच लिहिलं होतं. घराण्याचं नाव कुठे नव्हतं. नूतनने ते तेव्हाच दाखवलं. आबा हसले. तीस वर्षं विद्यार्थ्यांना ज्या हसण्याने खाली बसवलं, तेच हसणं.

"आडनाव एक म्हणजे रक्त एक," ते म्हणाले. "मूळपुरुष सापडायचा बाकी आहे, एवढंच."

हे वाक्य नूतनला नवं नव्हतं. चार महिन्यांपूर्वी याच खोलीत, याच खुर्चीसमोर उभं राहून तिने भूपेंद्रचं नाव काढलं होतं. भूपेंद्र नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत इंजिनिअर, निर्व्यसनी, बोलायला गोड, जातीचाच. अडचण एकच होती. त्याचंही आडनाव वरखेडे. तो जामनेरकडचा, हे शिंदखेड्याकडचे. दोन गावांत शंभर-सव्वाशे किलोमीटरचं अंतर, बोली वेगळी, लग्नात एकमेकांना कधी बोलावणं नाही, मयताला कधी येणं नाही. वरखेडं आणि वरखेडी नावाची गावं खान्देशात जागोजाग आहेत. ज्याने जे गाव सोडलं त्याला त्या गावाचं नाव चिकटलं असणार, इतकं साधं. नूतनने हे सगळं तीन संध्याकाळी सांगितलं. तिसऱ्या संध्याकाळी ती रडलीसुद्धा. आबांनी समोरचं पुस्तक मिटलं नाही.

"वरखेडे-वरखेडे म्हणजे भाऊबंद. भावाशी लग्न लावू तुझं? लोक तोंडात शेण घालतील."

विषय संपला. भूपेंद्रच्या घरच्यांनी आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्यतृतीयेपर्यंत, थांबायचं कबूल केलं होतं. आखाजीनंतर ते दुसरीकडे मुली पाहणार होते, आणि त्यात त्यांचं काही चुकत होतं असं नूतनलाही म्हणता येत नव्हतं.

तर अशा मुलीला आबांनी विंकलहोफरांचं पुस्तक टाईप करायला बसवलं.

आबांना जर्मन येत नव्हतं. इंग्रजी येत होतं, पण ते आबांना घाबरून असायचं. मोबाईलवर भाषांतर करून नूतन मजकूर द्यायची आणि आबा त्यातून नाती काढायचे. ऑटोच्या एका कवितेत बापाच्या अंगाला जवसाच्या तेलाचा वास येतो. जवसाचं तेल चित्रकार रंगात घालतात. म्हणजे ऑटो हा योहानचा मुलगा. मार्गारेटेच्या एका कादंबरीत विक्षिप्त काका आहे. काका म्हणजे अर्थातच हाइनरिख, कारण संस्कृतवाले विक्षिप्तच असतात. फोटोंत सगळ्यांची नाकं लांब होती, हा पुरावा आबांनी खास शेवटच्या प्रकरणासाठी राखून ठेवला.

"आबा," एकदा नूतन म्हणाली, "ऑटो जन्मला तेव्हा योहान नऊ वर्षांचा होता."

आबांनी क्षणभर छताकडे पाहिलं. "जन्मसाल कुणी लिहिलं? कुठल्या तरी मास्तरने. तुझ्या आजोबांची जन्मतारीख मास्तरने एक जून टाकली होती. म्हणून काय ते एक जूनला जन्मले? मास्तर इथून तिथून सारखेच."

नूतनने नऊचे एकोणतीस केले. बोटं तिची होती, पाप आबांचं.

पुस्तकाच्या शेवटी वंशावळ आली. गावी भाट येतो आणि पोथी उघडून मूळपुरुषापासून नावं वाचतो, अगदी त्या पद्धतीची. वरती मूळपुरुष "अज्ञात विंकलहोफर", खाली फांद्या, आणि तळाशी एकुलती एक जिवंत पणती, डॉ. इंगे. नानीबाईंनी ते पान हातात धरून लांबून पाहिलं.

"भाऊ, या गोरा मानसं आपला कोन लागतस?"

"आपले कोणी नाहीत, अक्का. एकमेकांचे लागतात."

"त्यासले ठाऊक शे का?"

त्यांना ठाऊक आहे की नाही, हा प्रश्न आबांनी पानासकट बाजूला ठेवला. म्हाताऱ्या माणसाला संशोधन काय समजावणार!

जळगावच्या एका साहित्य मंडळाने पुस्तक छापायचं मनावर घेतलं. मंडळाचे अध्यक्ष अभयकुमार हे डाळीचे मोठे व्यापारी. वडिलांच्या नावाने दरवर्षी एका विद्वानाला "खान्देश संशोधनमहर्षी" करायचे. यंदा आबा होणार होते. गेली सहा वर्षं ते दुसऱ्यांना महर्षी होताना पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत आले होते, आणि दरवेळी परतीच्या वाटेवर पारोळ्यापर्यंत त्या महर्षीच्या चुका मोजत आले होते. आता शालीचं माप त्यांच्या खांद्याचं होतं. फोनवर कोणी "कसे आहात" विचारलं तरी ते पुरस्काराची तारीख सांगायचे.

आबांना आणखी एक सुचलं. "घराण्यातल्या हयात व्यक्तीचा शुभसंदेश हवा. डॉ. इंगेबाईंना मेल टाक. वंशावळीचं इंग्रजी करून जोड."

नूतनने मेल टाकला. संदेश येणार, हे आबांनी दोन वर्तमानपत्रांना सांगून टाकलं. निमंत्रणपत्रिकेवरही छापून आलं, "जर्मनीहून आलेल्या पत्राचे जाहीर वाचन".

पत्र कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी आलं. आबांचे मेल नूतनच उघडायची. तिने ते उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं, आणि मग बाहेर ओट्यावर जाऊन थोडा वेळ नुसती उभी राहिली. तिला हसू येत होतं, आणि ते येतंय याचं वाईटही वाटत होतं. कितीही झालं तरी बाप होता. भर सभागृहात त्याचं हसं व्हावं, असं काही तिला वाटत नव्हतं.

"आबा, पत्र आलंय. तुम्ही आधी वाचा."

"कौतुक आहे ना?"

"आभार मानलेत. पण त्या असं म्हणतात की..."

"थांब!" आबांनी हात वर केला. "काही फोडू नको. मी आधी वाचलं तर व्यासपीठावर माझ्या चेहऱ्यावर आनंद कसा उमटणार? तू मराठी कर आणि तिथेच वाच. एक शब्द गाळू नको हं. परदेशी विद्वानाचं पत्र आहे."

"आबा, ऐका ना माझं. एकदा तरी..."

"नूतन!"

एकदा तरी, म्हणजे नेमकं काय म्हणायचं होतं, हे तिचं तिलाच कळलं नाही. तिने पत्राचं मराठी केलं. एक शब्द गाळला नाही.

जळगावचं सभागृह निम्मं भरलं होतं, म्हणजे साहित्याच्या मानाने तुडुंब. वरखेडे मंडळी दोन गाड्या करून आली होती आणि मधल्या रांगांत नवे कपडे सावरत बसली होती. नानीबाई पहिल्या रांगेत, पदर डोक्यावर, हातात लाडवाचं पाकीट. व्यासपीठावर अभयकुमारांच्या पुढ्यात शाल, श्रीफळ आणि मानपत्र. मानपत्रात "विखुरलेल्या एका कुळाला ज्यांनी एका झाडावर आणले" असं वाक्य होतं. ते आबांनीच लिहून पाठवलं होतं.

नूतन माईकपाशी गेली. आबांनी चेहरा आनंदासाठी तयार केला.

"प्रिय प्राध्यापक वरखेडे," तिने वाचलं, "इतक्या दुरून आपण आमच्या आडनावाची आठवण केलीत, याबद्दल मनापासून आभार."

टाळ्या पडल्या. आबांनी मान झुकवली.

"परंतु आपण काढलेल्या वंशावळीतले कोणीही एकमेकांचे नातेवाईक नाहीत. चित्रकार योहान उत्तरेकडचे, कवी ऑटो दक्षिणेकडचे. हाइनरिख यांना भाऊ नव्हता, त्यामुळे ते कोणाचे काका असणं कठीण आहे. हे नाव वाडीवस्तीवरून पडलेलं आहे आणि तशा वाड्या पुष्कळ होत्या. त्यातली जी माणसं बाहेर पडली त्यांना ते लागलं. नाव एक म्हणून त्यांना एका घरात बसवणं म्हणजे त्यांच्या खऱ्या आईबापांना घराबाहेर काढणं आहे. माझ्याविषयी सांगायचं तर मी कोणाचीच पणती नाही. हे आडनाव मला माझ्या पहिल्या नवऱ्याकडून मिळालं. तो गेला, नाव राहिलं, कारण पुस्तकांवर छापून झालं होतं."

 मागे कोणीतरी खोकलं, तेही खोटं. अभयकुमारांनी शालीवर ठेवलेला हात उचलला आणि मांडीवर ठेवला. ते फक्त आबांनाच दिसलं असावं, आणि नूतनला.

आबा उठले. त्यांचे कान लाल झाले होते. नूतनला एकदम वाटलं, आपण धावत जाऊन त्यांना धरावं. पण तीस वर्षं शिकवत आलेला मास्तर तिने ओळखला नव्हता.

"मित्रहो!" आबांचा आवाज पहिल्या शब्दाला चिरकला, दुसऱ्याला सावरला. "हेच! हेच मला या ग्रंथातून सांगायचं होतं! वंशावळ मी मुद्दाम काढली. का? तर वाचकाने फसावं म्हणून! फसल्याशिवाय डोळे उघडत नाहीत. आडनाव एक म्हणजे रक्त एक, ही आपल्या समाजाची किती खुळी, किती घातक समजूत आहे! नावाला माणूस चिकटत नाही, माणसाला नाव चिकटतं. या समजुतीवर घाव घालायला मला जर्मनीपर्यंत जावं लागलं!"

आणि टाळ्यांचा कडकडाट. अभयकुमार स्वतः उभे राहिले आणि हात पुन्हा शालीकडे गेला. मधल्या रांगांतले वरखेडेही टाळ्या वाजवत होते. कोणाला काही कळलं नव्हतं, पण आपला माणूस जिंकला, एवढं दिसत होतं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून नानीबाई उठल्या. त्यांना माईक लागत नाही. जन्मभर शेताच्या या बांधावरून त्या बांधावर बोलत आल्या होत्या.

"तोताराम, माले एक सांग. आडनाव एक म्हनीसन रगत एक नही, आसं तू आत्तेच बठ्ठासले सांगं ना?"

"हो अक्का, पण आता..."

"मंग आपली नूतननं लगन काबर आडाई ठेवं? तो जामनेरना पोऱ्या बी नुसता आडनावनाच वरखेडे शे."

लग्न का अडवलं, याचं उत्तर ऐकायला सगळ्या माना आबांकडे वळल्या. आबांनी भाऊबंदांकडे पाहिलं, भाऊबंदांनी आबांकडे. मग आबांनी शालीकडे पाहिलं. ती अजून घडीतच होती आणि अभयकुमारांनी ती छातीशी धरली होती. नूतन माईकपाशी तशीच उभी होती, हातात पत्र. आबांनी तिच्याकडे काही पाहिलं नाही.

"अक्का," ते म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांचा आवाज चढत गेला, "ज्याने समाजाला सांगायचं, त्याने सुरुवात घरापासून करायची! या व्यासपीठावरून जाहीर करतो, त्या लग्नाला माझी संमती आहे!"

"मंग शाल ले, भाऊ," नानीबाई खाली बसत म्हणाल्या. "पन आखाजीना पहिले सुपारी फोडाले जाऊ."

एवढ्या टाळ्या त्या सभागृहात कोणत्याच महर्षीला पडल्या नव्हत्या. शाल पांघरली गेली, फोटो निघाले. एका वार्ताहराने नूतनला आबांशेजारी उभं केलं आणि "थोडं हसा, ताई" म्हणाला. तिने बाजूला सरून भूपेंद्रला फोन लावला. त्याला तीनदा सांगावं लागलं, कारण पहिल्या दोनदा त्याला ती चेष्टा वाटली. तिसऱ्यांदा त्याने थेट सुपारी कधी, असं विचारलं, आणि तेव्हा कुठे तिला खरं वाटलं.

परतताना गाडीत नानीबाई एरंडोलच्या आतच झोपल्या. आबा पुढच्या सीटवर, शाल अंगावरच, उकडत असूनही.

"दुसऱ्या आवृत्तीत नवी प्रस्तावना घालू," ते म्हणाले. "लिहून घे. संशोधकाने स्वतःच्या लेकीच्या लग्नातून सिद्धांत आचरणात आणला. तुमचा फोटो टाकू, वंशावळीच्या जागी. उदाहरण म्हणून."

नूतनने मोबाईल काढला, सवयीने. अंगठा स्क्रीनवर थांबला. हवं ते सगळं मिळालं होतं, तरी तिच्या आत काहीतरी जळत होतं. तीन संध्याकाळी ती या माणसासमोर रडली होती, तेव्हा याचं पानसुद्धा हललं नव्हतं. कधी न पाहिलेल्या एका जर्मन बाईने चार ओळी लिहिल्या आणि एक शाल घडीत राहिली, म्हणून तिचं लग्न ठरलं.

"आबा," ती म्हणाली, "योहान कुठे जन्मला हो?"

आबांनी गाव सांगितलं. तिने विचारलं नसतानाही त्यांनी ऑटोचंही सांगितलं, हाइनरिखचं, मार्गारेटेचं, नदीकाठच्या खुणांसकट. इंगेबाईंचं सांगताना तर ते मागे वळून बसले, इतका हुरूप आला होता.

"आणि जामनेरकडचं भूपेंद्रचं गाव कोणतं?"

आबांनी चष्मा पुसला. पारोळ्याचे दिवे दिसायला लागले, मागे गेले.

"लग्नपत्रिकेत येईलच ना," ते म्हणाले, आणि शाल सारखी करून पुढे बघायला लागले.