पेनल्टीचा ठिपका

मिर्ताने गुडघा टेकून वडिलांच्या डाव्या बुटाची नाडी बांधली. गाठ सुटली. तिने पुन्हा बांधली. बाहेर गॅलरीत "डावऱ्या, डावऱ्या" असा गजर चालला होता. तिच्या वडिलांनी, एल्बिओ तेचेरांनी, फुटबॉल खेळणं सोडून चौतीस वर्षं झाली होती, पण पायसांदू गावात अजूनही ते न्हाव्याकडे गेले की खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी उठून जागा देई.

क्लबच्या वर्धापनदिनी त्यांनी एक पेनल्टी मारायची, असा रिवाज होता. बेकरीवाला रूबेन गोलमध्ये उभा राहायचा आणि इमानेइतबारे चुकीच्या बाजूला झेपावायचा. पण गेल्या महिन्यात बाबा स्वयंपाकघरात कोसळले होते.

"बाबा, यंदा राहू द्या ना. बरं नाही म्हणून सांगते."

"मग लोक सूप घेऊन घरी येतील नि मला खाटेवर बघतील. चल, हात दे."

बाबांना धरून मिर्ता मैदानात आली. तीन हजार माणसं. यांच्यादेखत ते पडले, तर पुन्हा घराचा उंबरठा ओलांडायचे नाहीत, हे ती जाणून होती. मैदानाची निगा राखणारा म्हातारा ओलेगारिओ ठिपक्यावर चेंडू ठेवत होता. तिने गोलकडे पाहिलं. ठिपका गोलपासून जेमतेम सात पावलांवर होता.

"हे अकरा मीटर नाहीत," ती ओलेगारिओजवळ जाऊन कुजबुजली.

"दर वर्षी थोडा पुढे घेतो."

"लोकांच्या लक्षात आलं तर हसं होईल बाबांचं."

"लोकांनीच सांगितलंय, पोरी. तू बाजूला हो."

ती बाजूला झाली. बाबांनी दोन पावलं टाकली, किंचित झोकांडले, आणि तिने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा चेंडू गवतावरून रेंगाळत चालला होता. रूबेन केव्हाच पलीकडे आडवा पडला होता. चेंडू रेषेपलीकडे वीतभर जाऊन थांबला आणि सगळी गॅलरी उठून उभी राहिली.

परतताना बाबांनी तिचा दंड घट्ट धरला होता. कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी ते थांबले, आजूबाजूला कुणी नाही असं पाहून हलकेच म्हणाले,

"एक सांगतो, कुठे बोलू नकोस. ओलेगारिओची मापं चुकायला लागलीत. पाच-सहा वर्षं बघतोय. दर वर्षी मला धडकी भरते. कुणाच्या लक्षात आलं तर बिचाऱ्याची नोकरी जाईल."

मिर्ताने मागे वळून मैदानाकडे पाहिलं.

"कुणाच्या लक्षात आलं नाही, बाबा."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी सुस्कारा सोडला आणि नाडी सोडायला बूट पुढे केला.

"म्हणजे पुढच्या वर्षीही पेनल्टी मलाच मारावी लागणार," ते म्हणाले. "दुसरा कुणी असला तर बोंब ठोकेल."