डेसने धरलेली वेळ

चार वाजता एक फोन करायचा, एवढंच काम होतं. ना उडायचं होतं, ना इंजिन खोलायचं होतं. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून घड्याळाकडे बघायचं आणि चार वाजले की रिसीव्हर उचलायचा. डेस ऑजर्सने तो सहाला उचलला, आणि ॲथल मेला.

तीन आठवडे मी हेच सांगत फिरले. दवाखान्यात, पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायरीवर. कोणी विषय काढला नाही तर मीच काढायचे. गळ्यात हात अडकवलेली अठ्ठावन्न वर्षांची बाई दिसली की लोक आपसूक थांबतात, आणि थांबले की मी त्यांना सोडत नसे.

कुराबिन गावच्या आमच्या क्लबात माणसं अठरा आणि विमानं अकरा. सगळी दोघांपुरती, कापडी पंखांची, जोराच्या वाऱ्यात बांधून ठेवावी लागणारी. इथून कुठेही जायचं तर शंभर-दीडशे मैल नुसती लाल माती आणि मल्गाची झुडपं. म्हणून निघताना कोणालातरी आपली वेळ धरायला सांगायचं. 'मी अमुक ठिकाणी चालले आहे, पोहोचल्याचा फोन चारच्या आत करीन.' चारपर्यंत फोन आला नाही, तर वेळ धरणाऱ्याने शोधपथकाला कळवायचं. त्यात विचार करायचा नसतो, अंदाज बांधायचा नसतो. त्या काळी मोबाइल नव्हते आणि खिशात बाळगायची, धोक्याचा इशारा पाठवणारी यंत्रं आमच्या ऐपतीबाहेर होती. जी काही भिस्त होती ती वेळ धरणाऱ्यावर.

आणि डेससारखा वेळ धरणारा आमच्या साऱ्या पश्चिम भागात नव्हता. तीस वर्षं त्याने रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये काढली होती. उडण्याइतके डोळे चांगले उरले नाहीत तेव्हा त्याने विमान विकलं, पण क्लब सोडला नाही. भिंतीवर दोन घड्याळं, टेबलावर वही, वहीला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. एकोणीस वर्षं तो आम्हा सगळ्यांच्या वेळा धरत होता. शब्दाला चिकटून राहणारा माणूस. त्याला चहात 'थोडी' साखर घाल म्हटलं तर तो विचारायचा, थोडी म्हणजे किती?

त्या मार्चमध्ये मी एका मेंढ्यांच्या फार्मवर उतरले होते. लोकर कातरणाऱ्यांचं शेवटच्या दिवसाचं जेवण चाललं होतं. चुलीवर मटणाचे चॉप्स, बादलीत बर्फ आणि बियर. मी गप्पांत रमले आणि फोन करायचा विसरले. मी डेसला पाच सांगितलं होतं. पाच वाजून एक मिनिटाने त्याने शोधपथकाला कळवलं. पावणेसहाला माझ्या डोक्यावर मोठं विमान घिरट्या घालत होतं, फाटकातून पोलिसांची गाडी धुरळा उडवत येत होती, आणि मी हातात चॉप घेऊन उभी. हसून हसून कातरणारे जमिनीवर लोळले.

आमच्या क्लबात दर जूनला जेवण असतं. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या गाढवपणाला विमानाचा एक वाकडा पंखा बक्षीस देतात, फळीवर ठोकलेला. तो अर्थातच मला मिळाला. ॲथल बक्षीस द्यायला उभा राहिला आणि त्याने चॉपसकट माझी अशी नक्कल केली की स्वयंपाकघरातल्या बाया बाहेर येऊन बघू लागल्या. ॲथल माझा सगळ्यात जुना उडणारा दोस्त. त्यानेच मला आडव्या वाऱ्यात उतरायला शिकवलं होतं, शिव्या घालून. दोनच वर्षांपूर्वी हृदयाच्या दुखण्यामुळे त्याचं एकट्याने उडणं बंद झालं होतं, तेव्हापासून तो माझ्या शेजारी बसून उडायचा आणि तिथूनही शिव्या घालायचा. त्याच्यावर रागावता येत नसे. म्हणून मी डेसवर घसरले.

"तुला काय घाई झाली होती रे? एक मिनिट! एक मिनिट उलटलं आणि पोलीस पाठवलेस? मी काय पळून चालले होते?"

"तू पाच म्हणालीस," डेस म्हणाला.

"पाच म्हणजे पाचच्या सुमारास, मठ्ठ माणसा! यापुढे माझ्यासाठी फोन उचलायच्या आधी दोन तास थांबायचं. दोन तास, ऐकलंस?"

"हे बरं नाही, ग्लेनिस."

सगळे टेबलं बडवायला लागले. दोन तास, दोन तास! ॲथलची बायको नोरीन शेरीच्या दोन पेल्यांनी लालेलाल झाली होती. तिने डेसचा उजवा हात मनगटाला धरून वर केला आणि म्हणाली, "घे शपथ, डेस! घेतल्याशिवाय पुडिंग मिळायचं नाही." डेस बराच वेळ मान हलवत राहिला. शेवटी म्हणाला, "बरं. दोन तास." टाळ्या पडल्या आणि पुडिंग आलं.

रागाच्या भरात माणूस वाटेल ते बोलतो. जेवणाच्या टेबलावरची बडबड म्हणजे काही नियम नव्हे. तीन आठवडे मी स्वतःला हेच बजावत होते.

ऑगस्टच्या, म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळ्यातल्या, दुसऱ्या शनिवारी मी आणि ॲथल मंगाला फार्मवर जायला निघालो. तिथे रात्री पंखाखाली अंथरूण टाकून झोपायचं आणि सकाळी तिथे येणाऱ्या बाकीच्यांबरोबर तळलेली अंडी हाणायची, असा बेत होता. डेसला मी चार सांगितलं. त्याने लिहून घेतलं आणि पेन्सिल खाली ठेवली. विचारायचं होतं तर तेव्हा विचारायचं ना! 'चार म्हणजे चार की सहा?' नाही विचारलं. मीही काही बोलले नाही.

तीनच्या सुमाराला इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. व्हॉल्व्ह तुटला होता, ते पुढे कळलं. समोर वाळलेलं तळं होतं, टेबलासारखं सपाट. मी उतरवलंही ठीक, पण कडेला चिखल अजून मऊ होता. पुढचं चाक रुतलं आणि विमान उलटलं. माझं गळपट्टीचं हाड मोडलं. ॲथलला वरून काही लागलेलं दिसत नव्हतं, पण आतल्या रक्तस्रावाने त्याचं पोट दगडासारखं कडक होत चाललं होतं. एका हाताने त्याला ओढत मी पंखाच्या सावलीत आणलं. जमिनीवरून रेडिओ कोणाला ऐकू जात नव्हता.

चारला पाच कमी असताना मी म्हटलं, "पाचच मिनिटं. मग डेस फोन करेल. पाऊण तासात विमान येईल. उजेड आहे अजून भरपूर."

ॲथल हसला. हसताना त्याला दुखलं. "सहाला करेल."

"काहीतरी बोलू नकोस."

"डेस आहे तो. आपण शपथ घ्यायला लावली त्याला. सहाला अंधार, म्हणजे विमान उद्या सकाळी. पाणी जपून पी, म्हातारे."

विमान सकाळी सातनंतर आलं. ॲथल पहाटेच गेला होता. रात्रभर कडाक्याची थंडी होती आणि तो नोरीनशी बोलत होता, मी नोरीन आहे असं समजून. बाकीचं मी सांगणार नाही.

डेस दवाखान्यात आला तो संत्री घेऊन. टोपी हातात, केस विंचरलेले. मी पडल्या पडल्या ओरडले, "चार म्हणजे किती रे, डेस? सिग्नल केबिनमध्ये एवढंही शिकवलं नाही तुला?"

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"चुकलं? माणूस मेलाय!"

"हो."

शपथेबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर मी त्याला फाडून खाल्लं असतं, आणि कदाचित तिथेच सगळं संपलं असतं. पण तो बोलला नाही, याचाच मला जास्त राग आला. मी त्याची संत्री नर्सना वाटून टाकली. अंत्यविधीच्या वेळी त्याने हात पुढे केला तेव्हा सगळ्यांदेखत मी पाठ फिरवली. त्यानंतर कुराबिनमध्ये त्याच्याशी कोणी धड बोलेना. दुकानात शिरला की गप्पा थांबत. जेवणाला हजर असलेल्यांनासुद्धा ते जेवण आठवत नव्हतं. टेबलं बडवणारे तेच होते, पण दोष द्यायला एक माणूस मिळाला की बाकीच्यांना बरं वाटतं.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी सकाळी क्लबच्या हँगरमध्ये चौकशी बसली. उडणाऱ्या क्लबांच्या संघटनेचा माणूस राजधानीहून आला होता, इस्त्रीच्या शर्टात. प्लास्टिकच्या खुर्च्या, चहाचं मोठं भांडं, लॅमिंग्टन केकची ताटली. डेसचं नाव क्लबातून काढायचं की नाही ते त्या सकाळी ठरणार होतं. एकोणीस वर्षांनंतर 'वेळ पाळली नाही' एवढ्या शब्दांत. नोरीन माझ्या शेजारी बसली होती. तिने स्वतःच खुर्ची ओढून आणली होती आणि माझा चांगला हात हातात धरला होता.

"मिस्टर ऑजर्स," संघटनेचा माणूस म्हणाला, "चार वाजता तुम्ही फोन का केला नाही?"

डेस उभा राहिला. "झोप लागली मला."

"झोप?"

"दुपारी जेवण जास्त झालं. खुर्चीत डोळा लागला. जागा झालो तेव्हा सहा वाजले होते. माझीच चूक. दुसऱ्या कोणाचा काही संबंध नाही."

हँगरमध्ये कुजबुज झाली. कोणीतरी मागून म्हणालं, "लाज वाटत नाही म्हाताऱ्याला." संघटनेचा माणूस लिहायला लागला.

मला आजही तो क्षण आठवला की कानशिलं तापतात. तीस वर्षं सिग्नलवर एक डुलकी न काढलेला हा माणूस! मला वाचवायला खोटं बोलतोय, आणि मी बसून ऐकतेय. त्याच्या चांगुलपणाचा मला संताप आला. मला दान नको होतं. त्या दोन तासांसाठी मला कोणीतरी शिव्या घालायला हव्या होत्या आणि घालणारा ॲथल उरला नव्हता.

मी नोरीनचा हात सोडवून उभी राहिले. खुर्ची मागे पडली.

"खोटारड्या! तू जन्मात कधी दुपारी झोपलायस का? लिहू नका हो ते, पुसून टाका! झोप नाही लागली त्याला. तो घड्याळापुढे बसून होता. दोन तास थांब असं मी सांगितलं होतं त्याला. जूनच्या जेवणात, या सगळ्यांसमोर. काय रे, आता सगळे माना खाली घालताय? टेबलं कोणी बडवली? तो नको म्हणत होता, तरी आपण शपथ घ्यायला लावली. त्याने ती पाळली, एवढाच त्याचा गुन्हा. आणि ॲथललाही ठाऊक होतं! चारलाच म्हणाला तो मला, डेस सहाला फोन करेल म्हणून."

मला हलकं वाटत होतं. खोटं कशाला सांगू, मला स्वतःचा अभिमानही वाटत होता. बोलले एकदाचं, कबूल केलं, आता काय करायचं ते करा. डेसकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल असं मला वाटलं होतं. तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो माझ्या शेजारच्या खुर्चीकडे बघत होता.

नोरीन स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत बसली होती. बोटं अर्धी मिटलेली, कोणाचं तरी मनगट धरल्यासारखी.

"मीच वर केला होता त्याचा हात," ती हळूच म्हणाली. "पुडिंग देणार नाही म्हणाले होते."

"नोरीन, तसं नव्हे गं, मी..."

"ॲथलला आठवलं? तिथे पडल्या पडल्या त्याला ते आठवलं?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. पण दोन मिनिटांपूर्वी मीच सगळ्यांसमोर 'हो' सांगून बसले होते.

डेस मधल्या वाटेने आला. माझी पडलेली खुर्ची त्याने पायाने बाजूला सारली. बावीस वर्षांच्या ओळखीत त्याचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता, आणि तेव्हाही तो चढला नाही.

"तुझ्यासाठी नव्हतो गं झोपलो," तो म्हणाला. "तुला काय, तू ओरडून मोकळी होतेस. तिला आठवत नव्हतं. तीन आठवडे झाले, तिला आठवलं नव्हतं."

मग तो नोरीनपुढे वाकला, तिला विचारलं, घरी सोडू का? ती हो म्हणाली. दोघं हँगरच्या दारातून बाहेर गेली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. संघटनेच्या माणसाने नोंदीसाठी मला नाव विचारलं, आणि मी ते सांगितलं.