तिखट झालेले आवाज

मी प्रीअँप बोलतोय. मोठ्या रिळांवरच्या टेप वाजवणाऱ्या मशीनच्या पोटात माझी जागा. टेपवरून आवाज माझ्याकडे येतो तेव्हा अगदी क्षीण असतो. तो मोठा करायचा आणि त्यातला खर्ज नि टीप यांचा तोल सांभाळायचा, हे माझं काम. त्या तोलासाठी माझ्या अंगावर दोन बारीक स्क्रू आहेत. ते चुकीचे फिरले, तर ओळखीचा माणूस परका वाटायला लागतो.

मालकांनी मला स्वतःच्या हातांनी जोडलं. त्यांच्या दुकानात लोक जुनी रिळं घेऊन यायचे. कुणाच्या वडिलांचं भाषण, कुणाच्या बहिणीचं गाणं. मालक ती वाजवून नवी नक्कल काढून द्यायचे. सुरुवातीला दर सोमवारी ते ठरावीक सुरांची नमुन्याची टेप लावायचे आणि मीटरचा काटा मधल्या खुणेवर येईपर्यंत स्क्रू फिरवायचे. पुढे म्हणायला लागले, "चाळीस वर्षं ऐकतोय मी. काटा मला काय शिकवणार?"

पण त्यांचे कान थकत चालले होते. आधी टीप ऐकू येईनाशी झाली. दरवर्षी ते टिपेचा स्क्रू केसभर पुढे सरकवत. माझ्यातून जाणारा प्रत्येक 'स' चिरकत होता. मला कळत होतं, पण सांगणार कसं?

एका दुपारी एक शिक्षिका आपलं रीळ आणि नक्कल, दोन्ही घेऊन परत आली.

"काका, ही माझी आई नाही."

"अहो, टेप तुमचीच आहे."

"शब्द तिचेच आहेत. पण आई अशी खेकसायची नाही हो."

मालक चिडले. "लहानपणच्या आठवणी फसवतात, ताई."

आतल्या दारात मालकीणबाई उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "अहो, दाराची बेल तरी कुठे ऐकू येते तुम्हाला?"

मालकांनी कपाटातून नमुन्याची टेप काढून लावली. काटा पार वरच्या टोकाला जाऊन आदळला. ती उतरवून त्यांनी शिक्षिकेचं रीळ चढवलं.

"तुम्ही ऐका," ते शिक्षिकेला म्हणाले, "मी फिरवतो."

"अजून... अजून थोडं... थांबा!"

टेपवर तिची आई मावशीला स्वेटरचे टाके समजावत होती. शिक्षिका तोंडाला पदर लावून रडली. मालकांना मात्र तो आवाज उशीखाली दाबल्यासारखा वाटत होता.

त्यानंतर आठवडाभर मालक जुन्या गिऱ्हाइकांना फोन करून सांगत होते, रीळ परत आणा, नक्कल पुन्हा काढून देतो. पलीकडचं बोलणं मालकीणबाई त्यांना मोठ्याने सांगायच्या. नक्कल मिळाल्यावर बहुतेकांनी रिळं टाकून दिली होती. एक गृहस्थ म्हणाले, "राहू द्या हो. नातवंडांना आजोबांचा आवाज म्हणून हाच माहीत आहे. आता बदललात, तर त्यांना तो परका वाटेल."

मालकांनी फोन ठेवला. मला मशीनमधून काढून पुठ्ठ्याच्या खोक्यात घातलं. दुकान बंद झालं. आता माझ्या तारांवर बुरशी चढते आहे.

माझं एवढंच मागणं आहे. घरात एखादं रीळ असेल, तर नक्कल झाली म्हणून फेकू नका. आणि ते वाजवाल तेव्हा, त्या माणसाला जिवंतपणी ऐकलेलं कुणीतरी शेजारी बसवा. तसे कान आता फार थोडे उरलेत.