बाहेर भट्टी, आत चार डिग्री

किळस येते मला. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की ही बाई एवढी का तडतडतेय. किळस दादाची येते, आणि त्याच्या खालोखाल माझी स्वतःची. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, गॅरेजचा मालक. सगळा रस्ता त्याला डॉक्टर म्हणतो. बॉनेटवर नुसता हात ठेवून गाडीचा आजार ओळखतो म्हणे! आणि मी त्याची बहीण. स्कॅनर लावायचा, वायरी जोडायच्या, तुटलेलं डाग देऊन सांधायचं, ही माझी कामं.

थंडीतली गोष्ट. हॉस्पिटलची पेट्रोल व्हॅन आमच्याकडे सर्व्हिसिंगला आली. ती मावशी चालवतात. मावशी म्हणजे आमच्या कुणी नात्यातल्या नव्हेत, पण सगळेच त्यांना मावशी म्हणतात. किडनीचे सात पेशंट सकाळी घरून उचलायचे, चढावरच्या हॉस्पिटलात सोडायचे, दुपारी परत आणायचे. चौदा वर्षं हेच करतात. नवरा नाही, घरी आंधळी सासू. मावशींचं म्हणणं एवढंच होतं, की चढावर गाडी दम खाते.

दादाने एअर फिल्टरचा डबा उघडला आणि घाईघाईत पाइपातला सेन्सर ओढून तोडला. बोटाच्या पेराएवढी वस्तू. इंजिनात जाणारी हवा किती गरम आहे, ते गाडीच्या कॉम्प्युटरला कळवायचं, एवढंच तिचं काम. नवा सेन्सर यायला दोन दिवस लागणार होते. दादा म्हणाला, "चिमणे, त्या जुन्या रेडिओच्या डब्यातला एक रेझिस्टर घे आणि दे जोडून. कॉम्प्युटरला काय कळतंय?"

मी दिला जोडून. छान, गुळगुळीत जोड दिला, वर काळी टेप गुंडाळली. सेन्सरचा विद्युतरोध हवेप्रमाणे बदलतो, रेझिस्टरचा ठरलेला असतो, म्हणून आता कॉम्प्युटरला बारा महिने चोवीस तास हवा चार डिग्रीच दिसणार होती. गार हवा दाट असते, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडायला लागला आणि ठिणगीही लवकर पाडायला लागला. बाहेर खरोखरच थंडी होती, त्यामुळे ते खपून गेलं. उलट गाडी पळायला लागली! दुसऱ्या दिवशी मावशी मुद्दाम थांबून सांगून गेल्या, "डॉक्टर, चढ कुठे आला आणि कुठे गेला, कळलंसुद्धा नाही हो!"

झालं. हरभऱ्याच्या झाडावर चढायला दादाला तेवढं पुरे. नवा सेन्सर आला तो फळीवर पडून राहिला. पुढच्या दोन महिन्यांत त्याने आणखी दहा गाड्यांचे चांगले, धडधाकट सेन्सर काढून तिथे माझ्या हातचे रेझिस्टर बसवले. जो येईल त्याला सांगायचा, "जरा मोकळा श्वास देतो गाडीला." मी प्रत्येक वेळी मान खाली घालून डाग देत होते. एकदाही विचारलं नाही, की दादा, हे उन्हाळ्यात काय करणार? मला माहीत नव्हतं असं नाही. मी विचारलंच नाही.

उन्हाळा आला. आमच्या शेडचा पत्रा असा तापतो की दुपारी पान्हा उचलायला फडकं लागतं. अशा एका दुपारी मावशी आल्या. म्हणाल्या, "चढावर आतून खडे वाजल्यासारखा आवाज येतो. आणि पेट्रोलही मेलं फार पितेय." दादा दुसऱ्या गाडीखाली होता. तिथूनच ओरडला, "पेट्रोल भेसळीचं असेल. पंप बदला!"

मी मात्र स्कॅनर लावला. मावशींनी नुकतीच चढावरून आणलेली गाडी, बॉनेटखाली हात धरवत नव्हता, आणि पडद्यावर आत जाणारी हवा चार डिग्री! हवा तापलेली असली की कॉम्प्युटरने ठिणगी जरा उशिरा पाडायची असते. नाहीतर जाळ पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं पेट्रोल आपोआप भडकतं आणि पिस्टनवर घण पडल्यासारखे ठोके बसतात. मावशींचे खडे ते हेच. ते ठोके ऐकणारा सेन्सर नव्या गाड्यांना असतो, या जुन्या व्हॅनला तोही नाही.

मी दादाला बाजूला घेतलं. "दादा, तो रेझिस्टर आजच्या आज काढायला हवा. नॉकिंग होतंय. पिस्टन जाईल."

"आणि काढल्यावर गाडी ओढेना झाली की? मावशींना काय सांगणार? की इतके दिवस खेळणं बसवलं होतं?" तो हसला. हसला हो! "झाकली मूठ सव्वा लाखाची. पाऊस पडला की होईल सगळं ठीक."

आणि मी काय केलं? मी मावशींना म्हटलं, "पंप बदलून बघा." तोंड वर करून म्हटलं. मावशींनी मान डोलावली, आभारसुद्धा मानले. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, पण म्हणून काही मी गाडी परत बोलावली नाही.

तीन आठवड्यांनी भर दुपारी चढाच्या मध्यावर पिस्टन फुटला. सात आजारी माणसं दीड तास उन्हात बसून होती. मावशींनी आपला पदर भिजवून एकेकाच्या डोक्यावर ठेवला. कुणाला काही झालं नाही, हे नशीब. गाडी टोचन लावून आमच्याकडेच आली.

इंजिन उघडलं तर पिस्टनची कड उंदराने कुरतडावी तशी गेलेली, प्लग काळेकुट्ट. दादाने पिस्टन हातात घेऊन एकदा पाहिला, खाली ठेवला आणि सरळ हॉस्पिटलला फोन लावला. "तुमच्या ड्रायव्हरबाईंनी पाणी बघितलं नाही हो. गाडी तापली तरी तशीच दामटली. आता वय झालं त्यांचं, काय बोलणार!" किती हळहळून बोलत होता! मी समोर उभी होते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी स्वतःच्या घरात, स्वतःच्या भावाच्या तोंडून ऐकल्या.

हॉस्पिटलचे गाड्या सांभाळणारे साहेब दुसऱ्या दिवशी दहाला येणार होते. चूक ड्रायव्हरची निघाली तर मावशींची नोकरी त्याच दिवशी संपणार, हे त्यांनी फोनवरच सांगितलं होतं.

सकाळी दादाने फळीवरचा नवा सेन्सर माझ्या हातात ठेवला. "साहेब यायच्या आत बसवून टाक. रेझिस्टर गटारात फेक."

"आणि मावशी?"

"त्यांना दुसरं काहीतरी मिळेल. आपण आपलं बघू. बाबा गेल्यापासून तुला कुणी सांभाळलं, ते विसरू नकोस."

म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजू नकोस, असं. शी! त्या क्षणी मला त्याच्या ग्रीसच्या हातांची, घामाच्या वासाची, त्या समजूतदार आवाजाची, सगळ्याची शिसारी आली. मी सेन्सर ॲप्रनच्या खिशात घातला आणि व्हॅनकडे गेले. बॉनेटखाली वाकून पाच मिनिटं उगाच हात हलवत राहिले. दादाला वाटलं, झालं काम.

साहेब आले. मागे मावशी होत्या. स्वच्छ धुतलेली साडी, हातात गाडीची वही, त्यात रोज सकाळी पाणी आणि ऑइल बघितल्याची सही. साहेबांनी ती वही उघडलीसुद्धा नाही. दादाने पिस्टन दाखवला आणि तीच हळहळ सुरू केली. मावशी एकच वाक्य परत परत म्हणत होत्या, "मी पाणी बघितलं होतं साहेब. काटा वर गेलाच नव्हता."

मी स्कॅनर लावला. इंजिन उघडं पडलं असलं तरी वायरिंग शाबूत होतं. "साहेब, जरा किल्ली फिरवता? सुरू नका करू, नुसती फिरवा."

साहेबांनी किल्ली फिरवली. मी पडदा त्यांच्यासमोर धरला. कपाळावरचा घाम पुसत त्यांनी वाचलं, "चार डिग्री? हे काय?"

"आत जाणाऱ्या हवेचं तापमान. तुम्हाला इथे थंडी वाजतेय का साहेब?"

दादा पुढे झाला. "अहो, तिचा स्कॅनर बिघडलाय..."

मी टेप सोलून रेझिस्टर उघडा केला आणि सगळं सांगितलं. थंडीतल्या त्या दिवसापासून खड्यांच्या आवाजापर्यंत, पंप बदला म्हटलं तेही. आणखी दहा गाड्यांचंही. साहेब ऐकत गेले, मग दादाकडे वळले. "हे तुम्ही बसवलंत?"

मला वाटलं होतं, दादा आता मला शिव्या घालेल. फार तर हात उगारेल. तो बोटाने जोड दाखवत शांतपणे म्हणाला, "माझं काम नाही हे. माझा हात जाड आहे, मला इतकं बारीक जमत नाही. तो डाग नीट बघा. हिचा आहे. अख्ख्या रस्त्याला विचारा."

खोटं काय होतं त्यात? जोड माझाच होता. मी म्हटलं, "हो साहेब, माझाच आहे."

साहेबांनी तिथेच उभ्याउभ्या लिहिलं, की ड्रायव्हरचा दोष नाही. माझं नाव मात्र विचारून घेतलं, हॉस्पिटलच्या गाड्या यापुढे इथे येणार नाहीत असं सांगितलं आणि निघाले. दादा आत जाऊन हात धुवायला लागला. मावशींनी वही छातीशी धरली होती. मी म्हटलं, "मावशी, माझं चुकलं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "त्या दिवशी तू यंत्र लावून बघितलं होतंस. म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं."

"हो."

"मी तीन आठवडे चार वेगवेगळ्या पंपांवर रांगा लावल्या गं पोरी," मावशी म्हणाल्या, आणि पायीच चढाच्या रस्त्याला लागल्या.